रेषेची जाडी

रेषेला लांबी असते, जाडी नसते,
असं मी रामबागेतल्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं.
फळ्यावर खडूने रेघ ओढायची आणि म्हणायचं,
ही रेषा नव्हे, हे तिचं चित्र.
मुलं माना डोलवायची. पटलेलं नसायचं.

मतमोजणीला टेबल क्रमांक चार माझ्याकडे आलं.
नेहरू स्टेडियम, रात्रीचे पावणेदोन,
गठ्ठे, रबरबँड, कागदावर मऊ पडलेली शेव,
आणि शेवटची मतपत्रिका:
वर नारळ, खाली पतंग,
जांभळा शिक्का नेमका मधल्या रेघेवर,
जसं कुणी उंबऱ्यावर थांबून
आत यावं की नाही ते ठरवतंय.

नारळ पालीवालांचा, पतंग मुकुंद पाग्यांचा.
दोघांना अकराशे बारा, अकराशे बारा.
दोन्हीकडचे भिया टेबलावर वाकलेले,
एकाला तंबाखूचा वास, दुसऱ्याला अत्तराचा.
अधिकारी म्हणाले, "मैडम, आप तो गणितवाली हैं. देखिए."

मी पाहिलं.
घरी सासूबाई एकट्या होत्या,
शेवटचा टेम्पो कधीच निघून गेला होता.
चार सेकंद लागले असतील.
"नारळ."
त्यांनी सही केली.

त्या चार सेकंदांना
जिल्हा कोर्टाने दोन वर्षं दिली आणि माझं मान्य केलं.
खंडपीठाने दीड वर्ष दिलं, मत बाद ठरवलं,
म्हणाले, चिठ्ठी टाका.
दिल्लीने तूर्त सगळंच जागच्या जागी थांबवलं
आणि कागद मागवला.
लाखेच्या मोहोरेखाली, माळवा एक्स्प्रेसने,
माझ्या टेबलावरचा कागद दिल्लीला गेला.
मी अजून गेलेली नाही.

त्या स्थगितीवर बसून पालीवालांनी नळ आणले,
स्वतःच्या गल्लीत आधी.
पागे तारखांना जात राहिले,
पालीवालांच्या मुलीच्या लग्नात मात्र
पंगतीत जिलबी वाढत होते, मी पाहिलंय.

आणि मी, वह्या तपासताना,
उंच छताखाली तीन न्यायमूर्ती बसवायची.
एकाच्या हातात भिंग.
ते एकमेकांना विचारतायत,
छापलेल्या रेषेला जाडी असते का?
असली तर त्या जाडीत उभं असलेलं माणूस
कुणाचं?
देशात कुणीतरी असावं ना,
ज्याच्यापुढे एवढासा प्रश्न ठेवता येईल.

सुनावणी सात मिनिटं चालली.
वॉर्डाची मुदत संपत आली होती,
नव्या निवडणुकीच्या भिंती रंगून तयार.
"प्रश्न आता केवळ पुस्तकी उरला आहे."
लाखेची मोहोर फोडलीच नाही.

पागे स्वतः प्रत घेऊन आले.
इंग्रजीत सहा ओळी.
'पुस्तकी'वर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
जशी पुस्तकं मीच छापते.
रागावलेले नव्हते. चहात साखर मागून घेतली.
म्हणाले, त्यांचं बरोबरच आहे,
गेलेली पाच वर्षं कुठून काढून देतील?
उद्या प्रत्येक खुर्ची तेच वाटायला लागले
तर लोकांनी शिक्का मारायचा कशाला?
मग दारात, एक पाय चपलेत:
"पण मॅडम, खरंच, जास्त कुठे होता हो?"

मला आठवत होती फक्त शाई,
अजून ओली,
आणि शिक्का थोडा तिरका,
हात कापणाऱ्या माणसाचा असावा तसा.
बाई असेल. चष्मा घरी राहिला असेल.
किंवा तिला दोघंही नको असतील
आणि तेवढंच सांगायचं असेल.
हे कुठल्याच कोर्टात कुणी म्हटलं नाही.
मीही नाही.

प्रतीची शेवटची ओळ:
पाकीट परत पाठवावं,
कागद नियमाप्रमाणे नष्ट करावेत.

दुसऱ्या दिवशी सातवी ब.
खडू नवा होता, जरा आडवा धरला गेला,
रेघ बोटभर रुंद आली.
मुलं वाट पाहत होती, आता मॅडम म्हणतील
ते नेहमीचं.
मी फडकं उचललं
आणि परत खाली ठेवलं.